सिस्टरनी आईलाच उलट का विचारलं?

प्रश्न : माझ्या आईला (वय ६८) छातीत दुखलं म्हणून परभणीला दाखल केलं होतं. पाच दिवसांनी सुट्टी झाली. निघताना सिस्टरनी सगळी औषधं समजावून सांगितली आणि मग आईलाच म्हणाल्या, "मावशी, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, ते मला सांगा बरं. रात्रीची गोळी कोणती? पिशवीतून काढून दाखवा." आईनं भलतीच पट्टी काढली. सिस्टरनी न रागावता पुन्हा सांगितलं, पुन्हा काढायला लावली. आई शरमून गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्या काय शाळंत हाय का आता?" मलाही ते आवडलं नव्हतं. पण घरी आल्यापासून आईची एकही गोळी चुकलेली नाही. वडिलांच्या वेळी, दुसऱ्या एका दवाखान्यात, "समजलं ना?" एवढंच विचारून कागद हातात दिला होता आणि आम्ही आठवडाभर गोंधळात होतो. ही काही नवी पद्धत आहे का? आणि "समजलं ना?" एवढं विचारणं पुरेसं का पडत नाही?
– एक वाचक, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : त्या सिस्टर पुन्हा भेटल्या तर त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि आईंना सांगा की त्या दिवशी परीक्षा त्यांची नव्हती. सिस्टर स्वतःचं सांगणं तपासत होत्या. चुकीची पट्टी निघाली तेव्हा त्यांना कळलं की आपलं सांगणं पोचलेलं नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा, बहुधा वेगळ्या शब्दांत सांगितलं. ती चूक वॉर्डात झाली म्हणून घरी झाली नाही.

या पद्धतीला टीच-बॅक म्हणतात. ऐकणाऱ्यानं ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, जमेल तिथं करून दाखवायचं, आणि चुकलं तर सांगणाऱ्यानं पुन्हा समजवायचं. पद्धत फार नवी नाही, पण आपल्याकडच्या दवाखान्यांत अजून क्वचितच दिसते.

आता "समजलं ना?" या प्रश्नाचं बघू. खेड्यातून आलेला माणूस डॉक्टरांसमोर उभा असतो. समोर 'साहेब' असतात, मागे रांग असते. "नाही समजलं" म्हणणं म्हणजे साहेबांचा वेळ घेणं आणि चारचौघांत आपलं अडाणीपण कबूल करणं, असं त्याला वाटतं. तो "हो साहेब" म्हणतो, आणि त्या क्षणी ते खरंही असतं, कारण शब्द कानावर पडलेले असतात. त्यात सुट्टीची वेळ फार वाईट असते. एक जण बिलाच्या खिडकीशी, एक जण आरोग्यमित्राकडे सरकारी उपचार योजनेच्या कागदांवर सह्या करतोय, पिशव्या बांधायच्या आहेत, जिंतूरची शेवटची बस गाठायची आहे किंवा खाली जीपवाला हॉर्न वाजवतोय. पाच दिवसांत जे शांतपणे सांगता आलं असतं, ते सगळं या दहा मिनिटांत सांगितलं जातं. माझ्या मते सर्वांत मोठा दोष हाच आहे. औषधांची ओळख दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच व्हायला हवी. रोज सकाळी सिस्टर गोळी देतात, तेव्हाच "ही रक्त पातळ ठेवणारी" एवढं म्हटलं तरी सुट्टीपर्यंत ती गोळी ओळखीची होते.

माणूस किती विसरतो, याचाही अभ्यास झालेला आहे. नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी २००३ मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेचच विसरतात, आणि जे आठवतं त्यातलं जवळपास निम्मं चुकीचं आठवतं, असं त्यात दिसलं. म्हणजे तुमच्या आईंचं जे झालं, ते वयामुळे किंवा शिक्षण कमी म्हणून झालं असं धरू नका. आजारपणात, काळजीत, अनोळखी जागेत कुणाचंही तेच होतं.

शब्द येणं आणि करता येणं यांत किती अंतर असतं, ते अमेरिकेतल्या २००६ मधल्या एका अभ्यासातून फार स्वच्छ दिसतं. वेगवेगळ्या तीन दवाखान्यांतल्या ३९५ रुग्णांना औषधाच्या बाटल्यांवरच्या सूचना वाचायला दिल्या. एक सूचना होती, 'दोन गोळ्या, दिवसातून दोन वेळा'. कमी शिकलेल्या रुग्णांपैकी ७०.७ टक्क्यांनी ती बरोबर म्हणून दाखवली. मग त्यांना विचारलं, "तर दिवसभराच्या किती गोळ्या होतात, मोजून दाखवा." फक्त ३४.७ टक्के लोकांनी चार गोळ्या मोजल्या. नुसतं "समजलं ना?" विचारणारे डॉक्टर आणि म्हणून दाखवणारे रुग्ण, दोघंही समाधानानं घरी गेले असते. 'काढून दाखवा' हे सिस्टरचे दोन शब्द म्हणूनच इतके मोलाचे आहेत.

डॉक्टर म्हणतात, एवढा वेळ कुठून आणायचा? गर्दी खरी आहे, परभणीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या ओपीडीत एकदा उभं राहिलं तरी ती कळते. पण सॅन फ्रान्सिस्कोत २००३ मध्ये ३८ डॉक्टर आणि त्यांचे मधुमेहाचे ७४ रुग्ण यांच्यातलं बोलणं नोंदवून तपासलं गेलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या नव्या गोष्टींपैकी जेमतेम १२ टक्के गोष्टी रुग्णाला कळल्या की नाही, हे विचारून बघितलं होतं. ज्यांना विचारलं, त्यांची साखर जास्त आटोक्यात होती, आणि त्या भेटी बाकीच्यांपेक्षा लांबल्याही नव्हत्या. अभ्यास लहान आहे, त्यावरून सगळं जग ठरवता येणार नाही. तरी 'वेळ नाही' हे कारण तो बरंच सैल करतो.

आता आपल्या घरांतल्या चुका बघू, कारण त्या ठराविक आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकदा करून दाखवलं की टळतात.

तुमच्या आईंपासूनच सुरुवात करू. छातीत दुखणाऱ्या रुग्णांना जिभेखाली ठेवायची एक बारीक गोळी दिलेली असते. ती पाण्याबरोबर गिळली तर वेळेवर काम करत नाही. शिवाय ती घेताना बसायचं असतं, कारण रक्तदाब खाली येऊन चक्कर येऊ शकते. आणि पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर वाट बघत न बसता १०८ ला फोन करायचा. हे तीनही भाग तुमच्या आईंनी आणि सुनेनं तोंडानं म्हणून दाखवले पाहिजेत. अँजिओप्लास्टी झाली असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचं पथ्य त्याहून कडक. एकादशी आहे म्हणून, दाढ काढायची आहे म्हणून, बरं वाटतंय म्हणून त्या आपल्या मनानं बंद केल्या, तर रक्तवाहिनीत बसवलेल्या स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं. दाढ काढायची असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

दम्याच्या रुग्णांना ओढून घ्यायच्या औषधाची कॅप्सूल आणि ती बसवायचं छोटं यंत्र देतात. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारी माणसं कितीतरी आहेत. त्यांचा दोष काय? कॅप्सूल गिळायचीच असते, हे आयुष्यभर शिकलेलं असतं. ती यंत्रात घालून, फिरवून, श्वास ओढून दाखवायला एक मिनिट पुरतं.

इन्शुलिनची गोष्ट सर्वांत धोक्याची. आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन बहुतेक ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्याची सिरिंज वेगळी, लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्शुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. मेडिकलवाल्यानं नारिंगी दिली आणि घरच्यांनी ४० च्या बाटलीतून २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि पुढे कधी बरोबर सिरिंज मिळाली की साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून बाटली आणि सिरिंज दोन्ही हातात घेऊन, आकडा जुळवून, घरच्यांनी दवाखान्यातच एकदा भरून दाखवावं. परभणीचा मे महिना ४४–४५ अंशांचा, आणि फ्रिज घरोघरी नाही. फ्रिज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लहान मडक्यात, आणि ते मडकं ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात ठेवलं तर चालतं. पण हे कुणी सांगितलं तरच लोकांना कळणार. "थंड जागी ठेवा" असं नुसतं सांगितलं की बाटली जाते देव्हाऱ्याच्या कोनाड्यात, किंवा शेजारच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात. गोठलेलं इन्शुलिन वाया गेलेलं असतं.

संधिवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आपल्या लोकांच्या डोक्यात गोळी म्हणजे रोजची. ही रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी धोकादायक पातळीला उतरतात, माणूस दगावूही शकतो. इथे 'आठवड्यातून एकदा' हे शब्दही अपुरे आहेत, वार ठरवून द्यावा लागतो. आपल्या गावांत त्याला चांगला आधार आहे तो आठवडी बाजाराचा. "बाजाराच्या दिवशी रात्री ही गोळी" असं सांगितलं तर म्हातारं माणूसही चुकत नाही. आणि पाकिटावर त्या वाराचं नाव ठळक लिहायचं.

हगवण झालेल्या लेकराबरोबर ओआरएसची मोठी पुडी दिली असेल तर ती एक लिटर पाण्यासाठी असते. ती पेलाभर पाण्यात कालवली तर मीठ जास्त होऊन लेकराला अपाय होतो. लहान पुडी मिळाली असेल तर तिचं माप वेगळं, पाकिटावर लिहिलेलं असतं. झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते. तिसऱ्या दिवशी हगवण थांबते आणि गोळी बंद होते. 'थांबली तरी चौदा दिवस' हे आईकडून वदवून घेतलेलं बरं.

आता प्रश्न येतो, सांगायचं कुणाला? सुट्टीच्या वेळी बहुधा पुढे असतो तो गाडी घेऊन आलेला पुतण्या, कारण त्याला वाचता येतं. कागद त्याच्या हातात जातो, पेशंटला घरी सोडून तो आपल्या कामाला जातो. गोळ्या देणार सून, भाजीत मीठ घालणार सून, आणि ती त्या वेळी घरी लेकरं सांभाळत असते. तुमच्या सिस्टरनी 'सुनेला काय सांगाल' असं विचारलं, हे मला फार आवडलं. घरात काम कोण करतं, हे त्यांना ठाऊक होतं. शक्य असेल तर सुट्टीच्या आदल्या दिवशी त्या माणसालाच वॉर्डात बोलवावं, ते जमत नसेल तर निदान फोनवर घेऊन, स्पीकर लावून सांगावं.

आपल्या जिल्ह्याचं आणखी एक आहे. परभणी, पाथरी, मानवत या गावांत अनेक घरांत दखनी उर्दू बोलली जाते. जिंतूर, गंगाखेडकडच्या तांड्यांवर गोरमाटी बोलतात. शहरी मराठीत झरझर सांगितलेलं तांड्यावरच्या आजीला कळलं असेल, असं गृहीत धरता येत नाही. पण तिला तिच्या बोलीत परत सांगायला लावलं आणि सोबतच्या नातवानं त्याचा अर्थ सांगितला, तर दोन मिनिटांत चूक सापडते. रमजानच्या महिन्यात 'सकाळ–दुपार–संध्याकाळ' हे वेळापत्रकच बदलतं, विशेषतः साखरेच्या रुग्णांचं. ते सहरी आणि इफ्तारप्रमाणे बसवून देणं, किंवा या तब्येतीत रोजा धोक्याचा आहे हे आदरानं सांगणं, डॉक्टरांचंच काम आहे. आणि दिवाळीच्या सुमारास सुट्टी झालेल्या ऊसतोड कामगाराला "पंधरा दिवसांनी दाखवायला या" सांगून काय उपयोग? तोवर तो टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पोचलेला असतो. त्याला विचारायला हवं, "पंधरा दिवसांनी कुठं असाल?" आणि तिथं जवळचा सरकारी दवाखाना कोणता, कोणता कागद बरोबर ठेवायचा, हे सांगायला हवं.

हे सगळं आपल्या देशात होऊ शकतं का? होतं आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी बंगळुरूच्या नारायणा रुग्णालयात बघितलं की नातेवाईक दिवसदिवस व्हरांड्यात बसून असतात आणि त्यांना काही करायला दिलं जात नाही. त्यातून नूरा हेल्थ ही संस्था आणि नातेवाइकांना वॉर्डातच शिकवायचा उपक्रम उभा राहिला. परिचारिका चित्रं दाखवून, करून घेऊन नातेवाइकांना शिकवतात. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांत हे काम चालतं. आणि त्याच्या कितीतरी आधी आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं होतं. ३९ गावांतल्या त्या कामानं नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. कमी शिकलेल्या माणसाला अवघड गोष्ट समजत नाही, हा समज त्या बायकांनी खोटा पाडला. आज देशभर बाळंतीण घरी गेल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्याचं मूळ तिथं आहे.

पण तुमच्या आईंसारख्या, हृदयाचं दुखणं घेऊन घरी परतलेल्या ६८ वर्षांच्या बाईकडे तिसऱ्या दिवशी कोण येतं? कुणीच नाही. ही मला मोठी उणीव वाटते. बॉस्टनच्या एका रुग्णालयात सुट्टीची पद्धतच नव्यानं बसवून बघितली. एका परिचारिकेकडे फक्त सुट्टीचं काम दिलं, रुग्णाला सोप्या भाषेतली स्वतःची पुस्तिका दिली, आणि घरी गेल्यावर दोन ते चार दिवसांत औषधतज्ज्ञानं फोन करून गोळ्यांची विचारपूस केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७४९ रुग्णांच्या त्या अभ्यासात पुढच्या ३० दिवसांतल्या पुन्हा दाखल होण्याच्या किंवा तातडीच्या विभागात येण्याच्या फेऱ्या जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्याकडे फोन घरोघरी आहे. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना शिकता शिकता हे काम दिलं, सुट्टी झालेल्या प्रत्येक घरी तिसऱ्या दिवशी एक फोन, तर त्याला यंत्र लागत नाही की इमारत लागत नाही. हे व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आईंच्या शरमेचं मात्र खरं आहे. प्रश्न कसा विचारला यावर ते अवलंबून असतं. "सांगा बघू काय कळलं?" म्हटलं की शाळा आठवते. "मावशी, मी घाईत सांगितलं, नीट सांगितलं का नाही ते बघायचंय, एकदा तुम्ही म्हणा" असं म्हटलं की ओझं सांगणाऱ्यावर येतं आणि माणूस मोकळा होतो. आणि सिस्टरनी विचारलं नाही तर आपण होऊन म्हणावं, "साहेब, मी म्हणून दाखवतो, चुकलं तर सांगा." यावर रागावणारा डॉक्टर विरळाच.

प्रश्न : आमचं डिस्चार्ज कार्ड सगळं इंग्रजीत असतं. मराठीत मागता येतं का? आणि त्यावरच्या 'बीडी', 'एसओएस' या अक्षरांचा अर्थ काय?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : मागता येतं, आणि मागावं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क आहे. सुट्टीनंतर ७२ तासांत कागदपत्रांच्या प्रती मिळण्याचाही आहे. केंद्रानं ती सनद २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवली, आणि महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ मध्ये रुग्णहक्क आले. कार्ड इंग्रजीत राहिलं तरी चालेल, पुढच्या डॉक्टरांना ते लागतं. पण त्याच्या मागे किंवा वेगळ्या कागदावर मराठीत चार गोष्टी लिहून घ्या : कोणती गोळी कधी आणि किती दिवस, काय झालं तर लगेच यायचं, पुन्हा दाखवायला केव्हा, आणि फोन कुणाला करायचा. वाचता येत नसेल त्यांच्यासाठी गोळीच्या पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढून घ्या.

'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' दोनदा, 'टीडीएस' तीनदा, 'एचएस' झोपताना. '१-०-१' म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. 'एसी' लिहिलं असेल तर जेवणाआधी, 'पीसी' असेल तर जेवणानंतर. 'एसओएस'चा अर्थ गरज पडली तरच, रोज नाही, आणि इथेच विचारायचं की गरज म्हणजे नेमकं काय, आणि दिवसात जास्तीत जास्त किती.

एक काळजी घ्या. मेडिकलमध्ये पट्टी कापून देतात, तेव्हा नाव आणि मुदत असलेला तुकडा आपल्याकडे येईल असं बघा. आणि सुट्टीच्या दिवशी घरातल्या सगळ्या जुन्या गोळ्या एका पिशवीत घालून दवाखान्यात न्या. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी मिळतं. रक्तदाबाची जुनी गोळी घरी चालू, नवी कार्डावर, आणि दोन्ही एकत्र पोटात, असं फार घडतं. चक्कर येऊन माणूस पडतो आणि घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे. पिशवी टेबलावर ओतून विचारा, "यातली कोणती चालू ठेवायची आणि कोणती फेकायची?" फेकायची म्हणून सांगितली ती तिथंच बाजूला काढा, घरी परत नेऊ नका.